हॅशकॅट, सात महिने : दादाच्या बंद फायलींसाठी

दादाच्या लॅपटॉपचा पासवर्ड वहिनींना माहीत होता. अडलं ते आतल्या दोन फायलींवर. एक २०१२ची ट्रूक्रिप्टची, दुसरी अलीकडची, ४० जीबीची व्हेराक्रिप्टची. (दोन्ही फायलींना पासवर्डचं कुलूप लावणारे प्रोग्रॅम.) पुतणीच्या लहानपणचे व्हिडिओ त्यातच असणार, असा वहिनींचा अंदाज.

हॅशकॅट म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर एकामागून एक पासवर्ड लावून बघणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पण नवख्याची गय करत नाही. बटणं वगैरे काही नाहीत, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या. पहिला आठवडा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरशी भांडण्यात गेला. बरं एवढंच, की अख्खी ४० जीबी त्याच्यापुढे ठेवावी लागत नाही. फाइलचे पहिले ५१२ बाइट कापून दिले की भागतं. (डिस्कची कॉपी त्याआधीच काढून ठेवा.)

खरी गोम वेगात. व्हेराक्रिप्ट प्रत्येक पासवर्ड तपासण्याआधी गणिती प्रक्रियेतून पाच लाख वेळा घुसळतं, त्यामुळे माझ्या कार्डावर सेकंदाला हजारएक प्रयत्न व्हायचे. नुसती आठ छोटी इंग्रजी अक्षरं म्हटली तरी सगळ्या जोड्या संपायला साडेसहा वर्षं! एका रिकव्हरीवाल्याने फाइल न बघताच ‘शंभर टक्के होईल’ म्हणून आगाऊ पैसे मागितले होते. हा हिशोब मांडल्यावर त्याचा धंदा कळला.

ट्रूक्रिप्ट मात्र हजार-दोन हजार वेळाच घुसळायचं. म्हणून आधी जुनी फाइल घेतली. नेटवरची तयार शब्दयादी कुचकामी ठरली, कारण दादा पासवर्ड मराठीतच करायचा, फक्त इंग्रजी अक्षरांत. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हिचं लाडाचं नाव घालून बघा. आणि ह्यांना स्कूटरचा नंबर सगळीकडे लागायचा.” पुतणीचं लाडाचं नाव छकुली. आता ‘छ’ला एक एच की दोन, शेवटी आय की डबल ई? असले सगळे पर्याय मी रूल फाइलमध्ये, म्हणजे शब्द कसकसे बदलून बघायचे ते हॅशकॅटला सांगणाऱ्या फाइलमध्ये, ओळीओळीने लिहिले. दुसऱ्या रात्री उघडली. आत विम्याचे कागद, बाकी काही नाही. पण दादाची पद्धत हाती लागली.

मोठीला पाच महिने लागले. पासवर्ड वीस अक्षरांहून छोटा असला की व्हेराक्रिप्ट टोकतं, हे मला फार उशिरा सुचलं. दादाने दोन नावं जोडली असणार म्हणून घरातल्या सगळ्यांच्या नावांच्या जोड्या लावल्या. मध्ये दोनदा लाइट गेली, पण सेशन जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं. याबद्दल हॅशकॅटला पैकीच्या पैकी. शेवटी छकुली, आईचं नाव आणि स्कूटर, या क्रमाने जुळलं. व्हिडिओ मिळाले.

त्यांच्याशेजारी आणखी एक छोटी व्हेराक्रिप्ट फाइल निघाली. तिच्यावर दोन महिने घातले, हलत नाही. कीफाइल, म्हणजे पासवर्डच्या जोडीला किल्लीसारखी लागणारी फाइल, लावलेली असेल तर बरोबर पासवर्ड देऊनही ती उघडायची नाही, आणि कीफाइल कुठलीही असू शकते, एखादा फोटोसुद्धा. दादाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह होता. तो मी पहिल्याच महिन्यात फॉरमॅट करून पुतणीला शाळेसाठी दिला. वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही.