कॉमनमार्क: मराठी मजकुरासाठी काही महिने वापरल्यानंतर

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयाच्या सूचना, पुस्तकयाद्या, व्याख्यानांची टिपणं असं सगळं मी हल्ली मार्कडाउनमध्ये लिहितो, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हं घालून ठळक, यादी वगैरे दाखवायच्या पद्धतीनं. दोन-दोन ताऱ्यांमध्ये शब्द घातला की ठळक, ओळीच्या सुरुवातीला डॅश दिला की यादी. फाइल मोबाइलवर उघडा नाहीतर कॉम्प्युटरवर, सारखीच दिसते. फक्त ॲप कॉमनमार्क, म्हणजे मार्कडाउनचे नेमके लिहून काढलेले नियम, पाळणारं हवं.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं, तेव्हा नियमांचं वर्णन आणि पर्ल भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम एवढंच होतं. उपयादीला किती जागा सोडायची, तारे कुठं बंद झाले असं धरायचं, हे मोघमच राहिलं आणि ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवूड आणि इतर काहींनी कॉमनमार्कचा मसुदा मांडला. मॅकफार्लेन अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतात, आणि मसुद्यात त्यांची शिस्त जाणवते. प्रत्येक नियमाखाली उदाहरणं: हा मजकूर, त्याचं हे एचटीएमएल (वेबपानांची भाषा). अशी साडेसहाशेच्या आसपास आहेत. नवं सॉफ्टवेअर त्यांवर चालवून बघायचं, कुठं चुकतंय ते लगेच सापडतं. प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या गिटहब साइटनंही २०१७ मध्ये आपले नियम याच पायावर लिहून काढले, वर तक्ते वगैरेंची भर घातली. लोकांनी आपल्या वेळात बसून केलेलं हे काम बघितलं की मला खरंच भरून येतं.

मराठीत मात्र दोन-तीन ठिकाणी अडतं. हे बघा:

व्याख्यान **"शाहू स्मारक"**ला आहे.

इथं ठळक होतच नाही, तारे तसेच दिसतात. बंद करणाऱ्या ताऱ्यांआधी अवतरणचिन्ह आणि लगेच पुढं अक्षर आलं, की नियम त्यांना बंद करणारे मानत नाही. इंग्रजीत शब्दानंतर जागा असते, आपला प्रत्यय चिकटून येतो. चिनी-जपानी लिहिणाऱ्यांनीही हीच अडचण मांडली आहे. सध्या उपाय म्हणजे प्रत्यय ताऱ्यांच्या आत घ्यायचा: **"शाहू स्मारक"ला**. तिरप्या अक्षरांसाठी अंडरस्कोअर नको, प्रत्यय लागला की तो चालत नाही. एकेक तारा वापरा. आणि १. २. असे देवनागरी आकडे यादी धरले जात नाहीत, सगळ्या ओळी एका परिच्छेदात गोळा होतात. तिथं इंग्रजी आकडेच द्यावे लागतात.

एवढं सांभाळलं तर बिनधास्त वापरा. ही उदाहरणं मसुदा सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचावीत म्हणून मी मसुद्याच्याच पद्धतीनं लिहून काढतोय, मजकूर आणि हवा तो परिणाम असं. 'ला' आणि 'चा'ची झाली, 'मध्ये', 'वर', 'साठी'ची बाकी आहेत.