कोलकाता एअरपोर्टवरचा १० रुपयांचा चहा: घरातली मोठी माणसं सोबत असतील तर इथेच खाऊन घ्या

आपल्या खान्देशातून गंगासागर, जगन्नाथपुरी करायला जाणारे बहुतेक जण जाताना रेल्वेनेच जातात, अहमदाबाद-हावडा तर अमळनेरवरूनच आहे, पण परत येताना तेवढा प्रवास म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही म्हणून हल्ली बरेच जण कोलकात्याहून मुंबईपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची गाडी असं करतात. आम्ही पण तसंच केलं, सोबत आई, आप्पा आणि आत्या. ट्रिपचं सगळं प्लॅनिंग होतं, हॉटेल, बोट, दर्शन, पण शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर खायचं काय हे कोणी ठरवत नाही आणि नेमकी तिथेच ही माणसं उपाशी बसतात.

भूक नसते असं नाही हो, रेट बघून नको म्हणतात. एका स्टॉलपुढे आप्पांनी चष्मा वर करून बोर्ड वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि शांतपणे म्हणाले की मला सकाळचंच अजून जड वाटतंय. आप्पांनी नको म्हटलं की आईला पण नको आणि आत्याला पण नको. पैसे मी देतोय म्हटलं तरी काही फरक पडत नाही, आयुष्यभर कापसाच्या भावावर घर चालवलेली माणसं आहेत, एका कपाला एवढे पैसे द्यायला त्यांचा हात धजत नाही. त्यात आप्पांना शुगरची गोळी चालू, रिकाम्या पोटी ठेवून चालत नाही. ह्या रेटचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असंही नाही बरं का, सप्टेंबर २०२४ मध्ये माजी अर्थमंत्री चिदंबरम यांनी ह्याच एअरपोर्टवर गरम पाणी आणि टी बॅगचा चहा ३४० रुपयांना मिळाला असं जाहीर लिहिलं होतं.

तर मुद्द्याचं म्हणजे तिथे उडान यात्री कॅफे आहे, तो शोधा. एअरपोर्ट अथॉरिटीचा आहे, डिसेंबर २०२४ मध्ये ह्या एअरपोर्टच्या शताब्दीच्या वेळी नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडूंनी उद्घाटन केलं, देशातला असा पहिला कॅफे हाच, नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला पण झाला. सुरू करतानाचे रेट असे की चहा १०, पाण्याची बाटली १०, कॉफी २०, समोसा २० आणि रोजची एक मिठाई २०. मेनू छोटाच आहे, जेवणाचं ताट वगैरे इथे शोधू नका. पण दर ऐकल्यावर आत्या जे म्हणाली ते मी विसरणार नाही, "दहा रुप्याले चहा? मंग आखो एक लई ये." ट्रिपमध्ये पहिल्यांदा तिने स्वतःहून काहीतरी मागितलं.

चहा गरम होता, दुधाचा, आपल्यापेक्षा कप छोटा पण कडक. समोसा बटाट्याचा, तिखट अगदी कमी, म्हणजे आपल्या जिभेला तर सपकच म्हणा, पण पीठ खुसखुशीत आणि आतून वाफ निघत होती. आईने लगेच पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, कागदावर पसरली, त्यावर थोडी उरलेली जळगावची तिखट शेव चुरली आणि समोसा फोडून त्यात दाबला, मग काय, आप्पांनी दोन खाल्ले. दशम्यांचा शेवटचा डबा पण तिथेच संपला, चहात बुडवून. सगळ्यांचं पोट भरलं म्हणा ना, आणि बिल एवढं कमी की आप्पांनी ते स्वतःच्या खिशातून दिलं, मला देऊच दिलं नाही. मला ह्या कॅफेचं सगळ्यात जास्त हेच आवडलं, स्वस्त म्हणजे नुसते पैसे वाचले असं नाही, तर आपली माणसं तिथे मानाने बसून खातात, पोराच्या खर्चाचा हिशोब मनात करत नाहीत. एअरपोर्टवर हे दिसणं दुर्मिळ आहे, म्हणून माझ्याकडून पूर्ण पाच स्टार.

आमच्या वेळी कॅफे सिक्युरिटीच्या अलीकडे, चेक-इनच्या भागात होता आणि ते आपल्याला सोयीचं पडतं, कारण मोठ्या बॅगा अजून हातात असतात, लोणचं, ठेचा जे काय उरलंय ते काढा, खा आणि मग बॅग जमा करा. लाल तिखट, मिरचीचं लोणचं हँडबॅगेत ठेवलं तर पुढे सिक्युरिटीला काढून ठेवतात. म्हणून थोडं लवकर पोचा, अर्धा तास खाण्याचा धरूनच निघा.

आता एक मनातलं. आपलं जळगावचं विमानतळ, २०१२ साली प्रतिभाताई राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते सुरू झालेलं, ते पण एअरपोर्ट अथॉरिटीच चालवते. मग तिथे असा एक काउंटर का नको? १० रुपयांचा चहा आणि सोबत बचत गटाच्या बायकांच्या हातची कळण्याची भाकरी, हिवाळ्यात भरीत, नाहीतर नुसती शेव-मुरमुरे तरी. बाहेरून अजिंठा बघायला आलेला माणूस जाताना शेवटचा घास काय खातो तर पाकिटातलं बिस्किट, हे मला खरंच पटत नाही. ज्यांची तिथे ओळख आहे त्यांनी हा विषय काढा राव, मी पण फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिणार आहे.

आणि हो, घरून मसाल्यासाठी किंवा प्रसाद म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या असतील तर त्या विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, त्या आधीच कोणाला तरी देऊन टाका.