मोडलेलं खोड: पट्टी बांधायची, छाटायचं की तुकडा पुन्हा लावायचा?

रात्री वारा सुटतो आणि सकाळी फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड मधेच दुमडून लोंबताना दिसतं, तेव्हा पोटात कालवतं. घाईने उपटू नका. आधी दोन गोष्टी बघा: साल किती शाबूत आहे आणि शेंडा अजून टवटवीत आहे का.

सालीचा निदान तिसरा हिस्सा जोडलेला असेल, तर पट्टी बांधा, तीही लगेच. सालीखालच्या ओलसर हिरव्या थरातून नव्या पेशी तयार होतात आणि जखम सांधते. म्हणून दोन्ही कडा नीट जुळल्याच पाहिजेत. खोड अलगद सरळ करा, बाजूला कामटी धरा आणि कलमपट्टी किंवा ताणली जाणारी टेप जखमेच्या वर-खाली दोन-दोन बोटं जाईल अशी गुंडाळा. सुतळी नको, ती सालीत रुतते. मोडलेल्या भागावरची मोठी फळं काढा, तीन-चार दिवस सावली करा. माझ्या झाडाची पट्टी तीन आठवड्यांनी सोडली, तर तिथे अंगठ्याएवढी गाठ आली होती आणि वर नवी फुलं.

शेंडा पार तुटून हातात आला, तर पट्टीचा नाद सोडा. टोमॅटोचा वीतभर तुकडा खालची पानं काढून पाण्यात किंवा ओल्या मातीत ठेवला, की आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. इकडे मूळ झाडाला बगलफूट येतेच, म्हणजे एकाची दोन झाडं. फक्त फळं काही आठवडे लांबतात. हंगाम बराच उरला असेल, तर अर्धवट मोडलेल्या टोमॅटोलाही मी हाच उपाय पसंत करते. हंगाम संपत आला असेल, तर पट्टीच बरी.

वांगी-मिरचीचं वेगळं. त्यांचा तुकडा सहजी मुळं धरत नाही. फांदी बेचक्यात चिरली असेल तर पट्टी छान लागू पडते. पूर्ण तुटली तर पेराच्या किंचित वर स्वच्छ काप घ्या, खालचे डोळे फुटतात.

भोपळ्याचा वेल पिचकला तर जखमेच्या पुढचं पेर मातीत दाबा, तिथून मुळं सुटतात.

मक्याच्या ताटात तो सांधणारा थरच नसतो, त्यामुळे मोडलेल्या ताटाला पट्टी बांधून उपयोग नाही. नुसतं कललेलं असेल तर बुडाशी मातीची भर द्या.