घटस्थापना ते पाडवा : भाड्याच्या व्हीलचेअरचा एक महिना

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, महिन्याच्या भाड्याने घडीची व्हीलचेअर आणली. अनामत 3000 रुपये आणि भाडे 600 रुपये. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला दिवाळीचा पाडवा येतो, म्हणजे मध्ये बरोबर एक चांद्रमास जातो. तेव्हा एका भाड्यात दोन्ही सण निघतात, हा हिशेब आबांनीच मांडला. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि गणित शिकवत असत. तरीही खुर्ची घरात येऊ द्यायला त्यांनी आठ दिवस लावले. "खुर्चीत बसून दसऱ्याला जायचं म्हणजे मीच पालखीत बसल्यासारखं व्हायचं की," असे म्हणून ते विषय टाळत होते.

आबांचे वय 82 आहे. दोन्ही गुडघे झिजलेले असल्याने घरात ते काठीच्या आधाराने हिंडतात, पण शंभर पावलांच्या पुढे बसायला जागा शोधावी लागते. मला कळू लागल्यापासून विजयादशमीच्या दुपारी आबा आम्हा भावंडांना घेऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटी, बिंदू चौक, आईसाहेब महाराजांचा पुतळा अशा वाटेने दसरा चौकात चालत नेत असत. गेल्या दोन वर्षांत ते चालणे बंद पडले आणि चौकातला दसऱ्याचा सोहळा टीव्हीवर पाहिला गेला. पडद्यावर पालख्या आल्या की आबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धे उठत आणि मग पुन्हा बसत. हे पाहिल्यानंतर मी व्हीलचेअरची चौकशी सुरू केली. या वस्तूबद्दल दुकानात फारसे कोणी सांगत नाही आणि घेणाराही घाईत असतो, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक आमचीच झाली. ज्या दुकानातून खुर्ची घेतली, तिथे "गर्दीत न्यायची आहे" एवढेच सांगितले आणि दुकानदाराने चारही चाके लहान असलेली हलकी खुर्ची पुढे केली. तिची मागची चाके बारा इंचांची होती, घडी झटकन होत असे आणि ती रिक्षात मागे सहज मावत असे. ही खुर्ची रुग्णालयाच्या फरशीवर किंवा विमानतळावर उत्तम चालत असेल. कोल्हापूरच्या पेठांत ती चालत नाही. दुसऱ्या माळेला सकाळी लवकर अंबाबाईच्या मुखदर्शनाला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी गटारीवरच्या लोखंडी जाळीत पुढचे चाक अडकले आणि आबा पुढे झुकले. पट्टा बांधलेला होता म्हणून निभावले. त्याहून मला खटकली ती दुसरी गोष्ट. लहान चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःला काहीच करता येत नाही. ढकलणारा थांबला की तो थांबला, ढकलणाऱ्याने तोंड भिंतीकडे ठेवले की त्याने भिंत पाहायची. मी नारळ घ्यायला दुकानाशी गेले आणि परत येऊन पाहते तो आबा एका बंद शटरकडे तोंड करून बसले होते, कारण मीच खुर्ची तशी उभी करून गेले होते.

दुसऱ्या दिवशी खुर्ची बदलून घेतली. बदलताना 100 रुपये जास्तीचे लागले. कशाचे, ते शेवटपर्यंत कळले नाही. नवी खुर्ची लोखंडी, मागची चाके चोवीस इंचांची आणि त्यांना बाहेरून हाताने फिरवायची कडी. वजन अठरा किलो, म्हणजे आधीच्या खुर्चीपेक्षा बरेच जास्त, आणि रिक्षात घालायची तर एकाने ती धरून बसावे लागते. पण मोठे चाक लहान खड्ड्यावरून नुसते जाते, आणि मुख्य म्हणजे आबांचे हात त्या कडीवर असतात. लांब अंतर ते स्वतः नेऊ शकत नाहीत, पण एखाद्या दुकानासमोर दोन हात पुढे सरकणे, ओळखीचा माणूस दिसला की त्याच्याकडे वळणे, एवढे त्यांना जमू लागले आणि खुर्चीवरचा त्यांचा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला निम्मा सायकलच्या घंटीने उतरवला. आबा शाळेत आयुष्यभर सायकलवर गेले. माझ्या मुलाने सायकलच्या दुकानातून एक घंटी आणून उजव्या हाताच्या नळीवर बसवली. अशी सोय आमच्या खुर्चीला नव्हती आणि ती असायला हवी, असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण बसलेल्या माणसाचा आवाज गर्दीत कोणाच्या कानापर्यंत पोहोचत नाही, घंटी मात्र पोहोचते.

आता दसऱ्याच्या दिवसाबद्दल. सोहळा सूर्यास्ताच्या सुमारास असतो आणि त्याआधीच आजूबाजूचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात, त्यामुळे रिक्षाने चौकापर्यंत जाणे शक्य नसते. आम्ही चारच्या सुमारास घरून निघालो. पूर्वी जे अंतर आबांच्या मागे पळत कापले, तेच आता त्यांच्या मागे चालत कापत होतो. बिंदू चौकाशी त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवली आणि नातवाला तुरुंगाची भिंत आणि हुतात्म्यांचे स्मारक दाखवले. ही त्यांची जुनी थांबण्याची जागा, आम्हा प्रत्येकाला तिथे तोच धडा मिळालेला आहे. वाटेत उतार लागतात तिथे खुर्ची उलटी करून, म्हणजे ढकलणाऱ्याने आपण खाली राहून मागे मागे जात उतरवायची असते. हे दुकानात कोणी सांगितले नाही. सरळ उतरवली की बसलेला माणूस पुढे घसरतो. आबांच्या पायांत नवी कोल्हापुरी होती, तिचा चामड्याचा तळ गुळगुळीत, त्यामुळे पायपाटावरून टाच वारंवार सुटत होती. शेवटी माझ्या ओढणीने पायांच्या मागून एक आडवा पट्टा बांधला. पोटऱ्यांमागचा पट्टा खुर्चीसोबत मिळतो, आमच्या खुर्चीचा तुटलेला होता. भाड्याने घेताना तो पाहून घ्यावा.

चौकात पोहोचल्यावर खुर्चीचा सर्वांत मोठा दोष कळला, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. बसलेल्या माणसाचे डोळे उभ्या माणसाच्या छातीच्याही खाली असतात. ज्या माणसाने आम्हाला खांद्यावर बसवून छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दाखवली, त्याच्यासमोर आता फक्त शर्टांच्या पाठी होत्या. मी भांबावले. आबांनी मात्र शांतपणे घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि पुढचे लोक वळून पाहत बाजूला झाले. अडथळ्याच्या बांबूशी उभ्या असलेल्या एका पोलिसाने हाताने खूण करून आम्हाला अगदी पुढे घेतले. तिथे पाठीमागे कुंपणाची भिंत येईल अशी जागा आम्ही धरली. तसे करणे आवश्यक आहे, कारण पुढे जे होते ते खुर्चीसाठी धोक्याचे असते.

अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या लवाजम्यासह आल्या. छत्रपती घराण्यातील मंडळी मेबॅकमधून उतरली. शमीपूजन झाले आणि लकडकोटातले, म्हणजे लाकडी कुंपणातले, सोने लुटायला गर्दी एकदम धावली. आम्ही दोन्ही ब्रेक लावून ठेवले होते. मी खुर्चीच्या एका बाजूला आणि माझे पती दुसऱ्या बाजूला उभे होते, तरी लोटाचा धक्का खुर्चीला बसला आणि ती वीतभर सरकली, कारण ब्रेक चाकावर नुसता दाबून बसतो आणि टायर झिजलेला असेल तर तो पुरेसा धरत नाही. या बाबतीत मी या खुर्चीला कमी गुण देईन. ब्रेकची पकड घरीच तपासावी. खुर्चीत माणूस बसवून, ब्रेक लावून ढकलून पाहावी.

आबांची रीत अशी की सोने चौकातूनच न्यायचे, बाजारातून विकत घ्यायचे नाही. दरवर्षी ते स्वतः त्या झुंबडीत शिरत. यंदा नातू शिरला आणि पंधरा मिनिटांनी चुरगळलेली चार पाने घेऊन आला. आबांनी ती मांडीवर ठेवून एकेक सरळ केली, एक पान देठापाशी फाटले होते ते बाजूला काढले, आणि विचारले, "एवढीच? तुझ्या आईनं सहाव्या वर्षी फांदी आणली होती." ही गोष्ट खरी नाही. फांदी त्यांनीच आणली होती आणि माझ्या हातात दिली होती. पण मी काही बोलले नाही.

सोने वाटताना मान मोठ्यांचा असतो, तेव्हा आता सगळ्यांनी आबांकडे यायचे. तरी त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे असलेले एक जुने सहकारी आमच्या पेठेतच राहतात आणि त्यांच्या पाया पडल्याशिवाय आबांचा दसरा होत नाही. त्यांच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. इथे मोठ्या चाकांचा पुन्हा उपयोग झाला. पायऱ्यांकडे पाठ करून खुर्ची मागे कलती करायची, वरच्या माणसाने मुठी धरून ओढायचे आणि खालच्याने पुढची चौकट धरून आधार द्यायचा, अशा रीतीने एकेक पायरी चढता येते. दोन धडधाकट माणसे हवीत आणि पायपाट धरून उचलायचे नाही, तो निसटून हातात येतो. आबा वरती पोहोचले, तेव्हा ते सहकारी गुरुजी दारात काठी टेकून उभेच होते. खुर्चीत बसून पाया कसे पडायचे, हा प्रश्न मला वाटेतच पडला होता. आबांनी ब्रेक लावायला सांगितले, पायपाट बाजूला करायला लावला, माझ्या खांद्याला धरून उभे राहिले आणि वाकले. पायपाट न हटवता त्यावर उभे राहिले तर खुर्ची पुढे उलटते, एवढे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

घरातल्या वापराबद्दल थोडक्यात सांगते. बैठकीची रुंदी अठरा इंच आहे. आबा किडकिडीत असल्याने बाजूला उशी लागली. बाहेरची एकूण रुंदी जवळजवळ सव्वीस इंच होते, त्यामुळे आमच्या जुन्या घराच्या न्हाणीच्या दारातून ती आत जात नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला आबांना दारापर्यंत खुर्चीतून आणि पुढे हात धरून नेले. उटणे मी लावले आणि तेल चोळले, आई असताना हे काम तिचे असे. कारीट फोडायला खाली वाकता येईना म्हणून ते आम्ही पाटावर ठेवले आणि आबांनी बसल्या जागी टाचेखाली चिरडले. अशा ठिकाणी खुर्चीचा काही संबंध नाही, घराच्या उंबऱ्यांचा आहे. उंबऱ्याला लावायचा लाकडी उतार सुताराकडून करून घेणार असाल, तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी हे माप द्यावे. आमच्या सुताराने अंदाजाने केलेला उतार इतका उभा होता की तो आम्ही दुसऱ्याच दिवशी काढून ठेवला.

पाडव्याला म्हशींची मिरवणूक पाहायला सागरमाळावर जायचे, हाही आबांचाच हट्ट. रंगवलेली शिंगे, गळ्यातल्या माळा, मोरपिसे, आणि मोटारसायकलच्या फटफटाटामागे मालकाला ओळखून धावणारी म्हैस, हे कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. तिथे ही खुर्ची पूर्णपणे हरली. माळाच्या खडीत पुढची लहान चाके रुतली आणि दहा पावलांवरच थांबावे लागले. आबा रस्त्याच्या कडेलाच बसून राहिले. सुदैवाने म्हशी रस्त्यानेच आल्या.

एकूण मत असे. कोल्हापूरच्या पेठांत सणासाठी खुर्ची हवी असेल तर मागची चाके मोठी असलेलीच घ्यावी, वजनाचा त्रास सोसावा. एकदम विकत घेऊ नये, आधी एक महिना भाड्याने वापरून पाहावी, म्हणजे आपल्या घराची दारे आणि आपल्या माणसाची तक्रार दोन्ही कळतात. टायर, ब्रेक, पोटऱ्यांचा पट्टा आणि पायपाटाची खीळ दुकानातच तपासावी. वस्तूला मी पाचपैकी साडेतीन गुण देते, दुकानाच्या सेवेला दोन. अनामत पूर्ण परत मिळाली, मात्र घंटी काढून ठेवायला आम्ही विसरलो होतो आणि आबांनी मला त्यासाठी दुकानात परत पाठवले. ती आता त्यांच्या पलंगाच्या कठड्याला आहे आणि चहा हवा असला की वाजते. पुढच्या वर्षासाठी मोठ्या चाकांची खुर्ची हवी असेल तर पितृपक्षातच सांगून ठेवा, नवरात्राच्या आठवड्यात एकही उरत नाही, असे दुकानदार म्हणाला आहे.