डोनट कुठे खावा? क्रिस्पी क्रीम, डंकिन, टिम हॉर्टन्स, मिस्टर डोनट आणि कॅलिफोर्नियाचा गुलाबी डबा

डोनट हा काही तासांचा पदार्थ आहे. यीस्टने फुगवलेल्या पिठाचा डोनट तळणीतून निघाल्यावर पहिल्या तासा-दीड तासात जसा लागतो, तसा संध्याकाळी लागत नाही. आतली जाळी घट्ट होत जाते आणि वरचं साखरेचं ग्लेझ ओलं होऊन बोटांना चिकटायला लागतं. म्हणून दुकान निवडताना चवींची यादी आणि क्रीमचे रंग मी शेवटी बघते. आधी एवढंच विचारते, की हा तळला कुठे आणि कधी? जगभर नाव झालेली डोनटची दुकानं या एका प्रश्नाला फार वेगवेगळी उत्तरं देतात. अमेरिका, कॅनडा, जपानला फिरायला निघालेल्यांना, तिकडे नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांना आणि मुंबई-पुण्यात वाढदिवसाला डबा मागवणाऱ्यांनाही त्यावरून निवड सोपी जाते.

क्रिस्पी क्रीम: लाल दिवा लागलेला असेल तरच

व्हर्नन रुडॉल्फ यांनी १९३७ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, विन्स्टन-सेलम या गावी भाड्याच्या जागेत डोनट तळायला सुरुवात केली. माल किराणा दुकानांना जायचा. पण वास रस्त्यावर जायचा, लोक थांबून गरम डोनट मागायचे. शेवटी रुडॉल्फ यांनी भिंतीला भोक पाडून तिथूनच विक्री सुरू केली. माझ्या मते या कंपनीचं सगळं मोठेपण त्या भोकात आहे.

आजही तिच्या मोठ्या दुकानांत काचेपलीकडे पूर्ण यंत्र चालताना दिसतं. पिठाच्या फिकट कड्या उबदार पेटीतल्या पाळण्यांवर वर-खाली फिरत फुगतात, मग एकेक करून तेलावर उतरतात. बुडत नाहीत, तरंगत पुढे सरकतात. निम्म्या वाटेवर एक पट्टी त्यांना अलगद उलटवते. दोन्ही बाजू सोनेरी झालेल्या असतात आणि मध्ये कडेने एक पांढुरका पट्टा राहिलेला असतो. तो पट्टा दिसला की समजावं, पीठ नीट फुगलंय आणि डोनट हलका आहे; कुठल्याही दुकानात ही खूण बघता येते. त्यानंतर सगळी रांग ग्लेझच्या पडद्याखालून जाते आणि पलीकडे चकचकीत होऊन बाहेर पडते. दुकानाबाहेरचा ‘हॉट नाऊ’ हा लाल दिवा पेटलेला असेल, तर तुमच्या हातात येणारा डोनट याच रांगेतला असतो. तो चावायचीही फारशी गरज पडत नाही, तोंडात विरतो.

दिवा विझलेला असला की प्रकरण वेगळं. सुपरमार्केटच्या कपाटात किंवा मॉलमधल्या छोट्या टपरीवजा दुकानात मिळणारा माल बहुतेक वेळा दुसऱ्या मोठ्या दुकानातून गाडीने आलेला असतो. नाव तेच, डबाही तोच, पण पदार्थ तो नाही. २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांतून डोनट विकायचा मोठा करार जाहीर केला आणि २०२५च्या जुलैत तो संपलाही. खर्च आणि मागणी यांचा मेळ बसेना. मला यात नवल वाटत नाही. ज्याची ख्याती गरमपणावर उभी आहे, तो गार करून गावभर वाटायचा तर मागणार कोण?

इथे घ्यायचा तो साधा ग्लेझवाला. बाकीचे सजवलेले प्रकार सोडून दिले तरी चालतात.

डंकिन आणि टिम हॉर्टन्स: खरं तर कॉफीची दुकानं

या दोघांना एकत्र घेते, कारण डोनटसाठी म्हणून यांपैकी कुठेही मुद्दाम जाऊ नये असं माझं मत आहे.

विल्यम रोझेनबर्ग यांनी मॅसॅच्युसेट्सच्या क्विन्सीत १९४८ मध्ये दुकान काढलं आणि १९५० मध्ये त्याला ‘डंकिन डोनट्स’ हे नाव दिलं. २०१९ मध्ये कंपनीने नावातून ‘डोनट्स’ काढूनच टाकलं आणि त्यात काही लपवाछपवी नव्हती, धंदा कधीच पेयांकडे वळला होता. ‘डोनट करायची वेळ झाली’ असं पुटपुटत पहाटे उठणारा बेकर एकेकाळी यांच्या जाहिरातीत घराघरांत पोचला होता. आता कित्येक दुकानांना डोनट मध्यवर्ती भटारखान्यातून येतात. बॉस्टन क्रीम, म्हणजे आत कस्टर्ड आणि वर चॉकलेट, हा त्यातल्या त्यात बरा, कारण भरलेला डोनट कोरडा पडायला वेळ लागतो. अमेरिकेच्या पूर्वेकडे पहाटे विमानतळ गाठायचा असेल तर कॉफी आणि पोटाला आधार म्हणून डंकिन उत्तम.

टिम हॉर्टन्सची गोष्ट कॅनडाची. आइस हॉकीचे खेळाडू टिम हॉर्टन यांनी १९६४ मध्ये ऑन्टारिओतल्या हॅमिल्टन शहरात पहिलं दुकान उघडलं. १९७४ मध्ये ते मोटार अपघातात गेले, पण त्यांचे भागीदार रॉन जॉइस यांनी साखळी देशभर नेली. दोन क्रीम, दोन साखर घातलेली ‘डबल-डबल’ कॉफी तिथल्या माणसांच्या बोलण्यात इतकी मुरली की ती कॅनडाच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात गेली. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांपैकी अनेकांची पहिली अर्धवेळ नोकरी याच काउंटरमागे असते. हिवाळ्यात तासभर उबेला बसायची जागा म्हणूनही ती दुकानं त्यांना आपली वाटतात. हा जिव्हाळा खरा आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण डोनटपुरतं बोलायचं तर २००० नंतरच्या काळात दुकानात पिठापासून डोनट करणं बंद झालं. अर्धवट तयार, गोठवलेला माल येतो आणि दुकानात फक्त शेवटचा हात फिरतो. जुन्या लोकांची या बदलावर अजून नाराजी आहे आणि ती रास्त आहे. मुलं सोबत असतील तर १९७६ पासून मिळणाऱ्या टिमबिट्स, म्हणजे डोनटच्या छोट्या गोळ्या घ्याव्यात. एका डब्यात पाच-सहा चवी येतात, भांडणं मिटतात.

कॅलिफोर्नियाचा गुलाबी डबा

लॉस एंजेलिसला जाणार असाल तर साखळ्या बाजूला ठेवा. तिथे जवळपास प्रत्येक वस्तीच्या कोपऱ्यावर, धुलाईच्या दुकानाशेजारी, एक साधं डोनटचं दुकान असतं. पाटी जुनी, खुर्च्या दोन-चार, काउंटरवर बहुधा कंबोडियन वंशाचं कुटुंब. यामागे मोठा इतिहास आहे. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने कंबोडिया ताब्यात घेतला, तेव्हा टेड न्गॉय निर्वासित म्हणून कॅलिफोर्नियात आले, विंचेल्स या तिथल्या साखळीत काम शिकले आणि थोड्याच वर्षांत स्वतःची दुकानं काढायला लागले. मागून आलेल्या नातेवाइकांना आणि निर्वासितांना त्यांनी तळायचं शिकवलं, दुकानं चालवायला दिली. शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकवलं. इंग्रजी फारसं यायला लागत नव्हतं, घरातले सगळे हातभार लावू शकत होते आणि भांडवल थोडं पुरत होतं. न्गॉय यांनी पुढे जुगारात बरंच काही घालवलं, पण तोवर हा धंदा एका समाजाच्या हातात पक्का बसला होता. आज दक्षिण कॅलिफोर्नियातली बहुतांश स्वतंत्र डोनट दुकानं कंबोडियन कुटुंबांचीच आहेत. पांढऱ्या खोक्यापेक्षा थोडा स्वस्त पडतो म्हणून गुलाबी डबा रूढ झाला असं सांगतात आणि आता तीच या दुकानांची ओळख आहे. डंकिनसारख्या बलाढ्य साखळीलाही या भागात पूर्वी नीट पाय रोवता आले नव्हते; २०१४ मध्ये ती पुन्हा आली.

इथे कारागीर मध्यरात्रीच्या सुमारास कामाला लागतो आणि पहाटे चार-पाचला दुकान उघडतं. म्हणून सकाळी सातच्या आत जा. गरम ग्लेझवाला मिळेल तर घ्याच, पण माझी निवड ॲपल फ्रिटर. लाटलेल्या पिठातून कड्या कापल्यावर उरलेले तुकडे सफरचंद आणि दालचिनीबरोबर सुऱ्याने चेचून, हाताने दाबून पंजाएवढा ओबडधोबड गोळा करतात आणि तळतात. कडा कुरकुरीत, मधले भाग मऊ, खाचाखाचांत ग्लेझ साचलेलं. यंत्राला हे असं जमत नाही. दुसरा घ्यायचा तो ‘ओल्ड फॅशन्ड’. तो यीस्टचा नाही, बेकिंग पावडरवरचा. तेल थोडं कमी तापलेलं ठेवून तळतात त्यामुळे वर फाटल्यासारख्या भेगा पडतात. बालुशाही आवडणाऱ्याला हा पहिल्या घासातच कळतो. हा दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो, त्यामुळे लांबच्या प्रवासात न्यायचा तर हाच.

दुपारी दोननंतर गेलात तर मात्र उरलंसुरलं मिळेल. काही दुकानं फक्त रोख घेतात, सुटे डॉलर जवळ असू द्या.

मिस्टर डोनट: जपानने सांभाळलेलं अमेरिकन दुकान

ही साखळी मूळची बॉस्टनची. डंकिनच्या रोझेनबर्ग यांचेच मेव्हणे आणि आधीचे भागीदार हॅरी विनोकर यांनी ती १९५६ मध्ये काढली. अमेरिकेत १९९० नंतर तिची बहुतेक दुकानं डंकिनमध्ये विरून गेली. जपानमध्ये मात्र डस्किन या कंपनीने १९७१ मध्ये ओसाकाजवळच्या मिनो इथे पहिलं दुकान उघडलं आणि आज तिथे तिची हजाराच्या आसपास दुकानं आहेत.

साखळ्यांत मला सर्वांत जास्त विश्वास हिचा वाटतो. बऱ्याच दुकानांना स्वतःचं स्वयंपाकघर आहे आणि दिवसभर थोडा थोडा माल तळून बाहेर येतो. ट्रे आणि चिमटा घ्यायचा, हवे ते उचलायचे. बसून खाल्लं तर साधी कॉफी पुन्हा पुन्हा भरून देतात. गोडी बेताची. आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना अमेरिकन डोनट गोडमिट्ट लागतो, त्यांना इथे नेलं तर ती दोन खातील.

इथला पोन डे रिंग चुकवू नका. आठ गोळे एकमेकांना चिकटून झालेली ही कडी २००३ पासून मिळते. पिठात टॅपिओकाचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च असल्याने ती चावताना किंचित ताणली जाते, मग सुटते. कल्पना ब्राझीलच्या चीज-पावावरून आली. गोळे एकेक करून तोडता येतात, त्यामुळे चार जणांत एक वाटून खाता येतो.

क्रिस्पी क्रीम २००६ मध्ये टोकियोच्या शिंजुकूत आलं, तेव्हा बाहेर लांबलचक रांगा लागल्या होत्या. पुढे दहा वर्षांत त्यातली बरीच दुकानं बंद करावी लागली. रोज खायचा डोनट आणि एकदा अनुभवायचा डोनट, यांत जपानी गिऱ्हाइकाने आपली निवड केली.

होनोलुलूला जाणारे थोडेच, म्हणून एका ओळीत सांगते: १९५२ पासूनच्या लिओनर्ड्स बेकरीत जा. मलासादा, म्हणजे पोर्तुगीज मजुरांनी हवाईत नेलेला बिनभोकाचा डोनट, तिथे गरमच देतात आणि तो या लेखातल्या कुठल्याही डोनटला मागे टाकू शकतो.

अंडं आणि चरबी

न खाणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. अमेरिका, कॅनडा, जपानमध्ये डोनटच्या पिठात अंडं असणं अगदी नेहमीचं आहे. मोठ्या साखळ्यांच्या संकेतस्थळावर घटकांची यादी असते, ती बघून जा. लहान दुकानात तळायला कोणतं तेल वापरता हे थेट विचारा, कारण काही ठिकाणी प्राण्यांची चरबी अजून वापरतात. पोलंडचा पॉन्च्की तर परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. मार्शमॅलो लावलेल्या डोनटमध्ये जिलेटिन असतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मेपल बारवर, म्हणजे मेपलच्या चवीचं ग्लेझ लावलेल्या लांबट डोनटवर, आडव्या लालसर पट्ट्या दिसल्या तर तो बेकन आहे, कॅरॅमल नव्हे.

मुंबई-पुण्यात मागवताना

डंकिन भारतात २०१२ मध्ये आलं, क्रिस्पी क्रीम २०१३ मध्ये, टिम हॉर्टन्स २०२२ मध्ये. मॅड ओव्हर डोनट्स या सगळ्यांच्या आधी, २००८ पासून इथे आहे आणि त्यांचे डोनट बिनअंड्याचे असतात. घरात सगळे चालवून घेणारे नसतील, श्रावण असेल, सोसायटीतल्या पंचवीस मुलांना वाटायचे असतील, तर निवड इथेच संपते.

चवीसाठी घेणार असाल तर घरपोच मागवू नका. दुचाकीच्या पेटीत तासभर बंद राहिलेल्या डब्यात वाफ धरते आणि ग्लेझ विरघळून तळाला जमतं. दुकानात जाऊन, आजचा ताजा ट्रे कोणता आणि माल किती वाजता आला हे विचारा. काउंटरवरची मुलं सहसा खरं सांगतात. सकाळची खेप आली असेल तर साधा ग्लेझवाला घ्या, संध्याकाळ असेल तर क्रीम भरलेला. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पीठ लवकर कडक होतं. उरलेला ग्लेझवाला मायक्रोवेव्हमध्ये आठ सेकंद फिरवला की बराचसा मऊ होतो. त्याहून जास्त ठेवलात तर चिवट होईल.