फाउंटन्स ॲबी, यॉर्कशायर: अवशेष पाहण्याचा अनुभव

उत्तर इंग्लंडमधील रिपन गावाजवळ, स्केल नदीकाठी उभा असलेला हा सिस्टर्शियन (साधी, कष्टाची राहणी मानणाऱ्या ख्रिस्ती भिक्षुसंघाचा) मठ पाहायला निदान अर्धा दिवस हाती ठेवावा. यॉर्कच्या सुखवस्तू मठातील शिथिल शिस्तीला कंटाळून बाहेर पडलेल्या १३ भिक्षूंनी ११३२ मध्ये त्याची स्थापना केली आणि पुढे मेंढपाळीच्या व लोकरीच्या व्यापाराच्या बळावर, दारिद्र्याचे व्रत घेतलेला हाच मठ देशातील अतिश्रीमंत मठांपैकी एक झाला. (व्रत आणि हिशेबाची वही एकाच छताखाली नांदण्याचे आपल्यालाही नवल वाटू नये.) सर्वांत प्रेक्षणीय आहे ते सुमारे ९० मीटर लांबीचे कमानदार तळघरवजा कोठार, मधल्या खांबांतून दगडी फासळ्या माडाच्या झावळ्यांसारख्या फाकतात, आणि हात टेकवला की ओलसर गारवा जाणवतो. मठाची अंगमेहनतीची कामे करणारे मठबंधू येथेच जेवत आणि वरच्या मजल्यावर झोपत. मठाधिपती ह्यूबीचा उंच मनोरा देखणा खरा, परंतु साधेपणाच्या मूळ नियमांशी विसंगत वाटतो. १५३९ मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ बंद झाला. पावसात दगड निसरडे होतात, म्हणून बूट चांगले घालावेत.