पहिला कार्प: तरंगती फ्लाय की बुडणारी?
फ्लाय रॉडवर, म्हणजे फ्लाय (गळाला पिसे-धागे बांधून केलेले कृत्रिम आमिष) फेकण्याच्या काठीवर, पहिला कार्प मासा पकडताना तरंगणारी फ्लाय वापरावी की बुडणारी, हे आधी ठरवावे लागते. तरंगणारी फ्लाय मासा तोंडात घेताना स्पष्ट दिसते. मात्र तो पृष्ठभागावर चरत असेल तरच तिचा उपयोग, आणि उतावळेपणाने झटका दिला की ती हमखास निसटते. बुडणारी फ्लाय अवघड खरी, पण कार्प मुख्यतः तळाशीच चरतो. उथळ पाण्यात डोके खाली घालून गाळ ढवळणारा मासा हेरावा, फ्लाय त्याच्या थोडी पुढे टाकून तोंडाजवळ बुडू द्यावी आणि दोरीला हिसका बसण्याची वाट न पाहता, त्याचे डोके किंचित वळताच दोरी ताणावी. माझा कौल बुडणाऱ्या फ्लायलाच; रॉड दोन्हींसाठी ७ किंवा ८ क्रमांकाचा (हा क्रमांक दोरीच्या वजनाचा) चालतो.